इंदापूरचे जहाजसाहेब

साळवे साहेब आता इंदापुरात नाहीत. कुठल्याशा बंदरावर खलाशांच्या मदतीचं काम करतात, एवढं त्यांच्या बहिणीकडून कळतं. मधूनच मला फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम सुरुवात, "शैलाताई, आज बायका किती वाजता जेवल्या?" मी म्हणते, अहो, कशी आहेस एवढं तरी विचारा आधी. ते विचारत नाहीत. त्या एका प्रश्नाशी त्यांचं वैर आहे. ते का, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्या बाबतीत रागावत नाही. बाकी रागावण्यासारखं त्या माणसानं पुष्कळ केलंय.

माझी खानावळ हायवेला लागून आहे. ट्रकवाले, तहसीलला हेलपाटे घालणारे, मार्केटला माल आणलेले, सगळे येतात. हे पहिल्यांदा आले ते बाकावर बसलेच नाहीत. उंच, वाळका माणूस, खिशात छोटी बॅटरी. तडक आत स्वयंपाकघरात. माझ्याकडं कामाला असलेल्या बायकांच्या पिण्याच्या पिंपातलं पाणी ग्लासभर काढून घटाघटा प्यायले, फ्रीज उघडून बॅटरीचा उजेड मारला, मागच्या खोलीचं दार ढकललं. मला वाटलं, हा अन्न खात्याचा माणूस. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग कळलं की नुसता जेवायला आलाय, तेव्हा मात्र अंगाचा असा तिळपापड झाला की हातातलं उलथनं तसंच घेऊन मी समोर उभी राहिले.

ते शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक कुठं जेवतं ते बाहेर दिसतंच. तुमच्या बायका कुठं जेवतात?"

मी म्हटलं, जेवतात की वेळ मिळेल तशा. तर म्हणे, दाखवा. आता काय दाखवू? चपात्या लाटणाऱ्या माझ्या दोघीजणी चुलीपाशीच उकिडव्या बसून, एका हातानं तवा सांभाळत दोन घास खायच्या. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्यासाठी बाकडं केलं. साहेबांना सांगितलं नाही, उगाच चढून बसायचे. पण त्यांनी ते पाहिलंच, आणि कौतुकाचा एक शब्द न काढता बाकडं हलवून बघितलं की पाय डुगडुगतो का.

साहेबांची नोकरीच ती होती. जहाजं तपासायची, पण इंजिन-बिंजिन नाही, जहाजावरची माणसं. सगळ्या देशांनी मिळून ठरवलेले नियम आहेत म्हणे. खलाशाला झोप किती, जेवण कसलं, पाणी कसलं, आजारी पडला तर कोण बघणार, मालकानं हात वर केले तर घरी कोण आणणार. हे सगळं जागेवर आहे का ते बघून साहेब दाखला द्यायचे. तो जेवणघराच्या भिंतीवर लागला की जहाज जगात कुठल्याही बंदरात ताठ मानेनं जातं. गुडघ्यांनी शिड्या चढायचं नाकारलं तेव्हा साहेब निवृत्त झाले आणि इथं विहाराशेजारी बहिणीकडं राहायला आले. गुडघे गेले, पण पायाची भिंगरी तशीच राहिली. चहा उभ्यानं, तोही अर्धा. बसलेच तर एक पाय टेबलाखाली असा हलायचा की मिठाची वाटी सरकत सरकत कडेला यायची. गावानं त्यांना जहाजसाहेब नाव ठेवलं.

उसाच्या हंगामात एकदा एक ट्रॅक्टरवाला चहाला थांबला. मागं दोन ट्रॉल्या, डोळे लालभडक. साहेबांनी विचारलं, शेवटचा कधी झोपलास? तो म्हणाला, झोपतो की. साहेब म्हणाले, दाखव. पोरगं हसलं, आता झोप कशी दाखवायची हो? साहेबांनी माझी खाट ओढून त्याच्यापुढं टाकली आणि ट्रॅक्टरची चावी स्वतःच्या खिशात घातली. म्हणाले, ही घे खाट, अशी दाखव. तो आडवा झाला तो डोकं टेकायच्या आत घोरायला लागला. इकडं ट्रॉल्या माझ्या दारात आडव्या, भर दुपारचं गिऱ्हाईक परत चाललेलं. मुकादम आला तो मलाच शिव्या घालायला लागला. साहेब आपले ट्रॅक्टरभोवती फेऱ्या मारतायत. मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. संध्याकाळी तो ड्रायव्हर उठला, दोन ताटं जेवला आणि मुकाट निघून गेला. साहेबांनी त्या दोन ताटांचं वर्णन मला पुढं महिनाभर ऐकवलं.

तर असा माणूस. त्याच्यापुढं कुणाचं काही लपत नाही असं आम्हाला वाटायचं. सगळ्यांत जास्त वाटायचं ते सोनामावशीला.

सोनामावशी पळसदेवची. उजनीच्या पाण्यातली चिलापी घेऊन ती माझ्याकडं यायची. तिचा एकुलता एक विलास जहाजावर खलाशी होता. साहेब नोकरीत असताना विलासचं जहाज त्यांच्याच हाताखालून गेलं होतं, आणि तेव्हा त्यांनी बहिणीकरवी मावशीला निरोपही धाडला होता की तुमचा मुलगा भेटला, बरा आहे. त्या निरोपावर मावशी किती दिवस जगली म्हणून सांगू! पाटीतली सगळ्यांत चांगली मासळी ती वेगळी काढायची, ही सायबांची. मी घासाघीस केली की म्हणायची, शैले, माज्या पोराचं जहाज बघून आलेला मानूस हाय त्यो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती अशीच आली. साहेब उभ्यानं चहा पीत होते. मावशी कौतुकानं म्हणाली, "इलासला आता लई आराम हाय बगा. जहाज कवापासनं एकाच जागी हुबं हाय म्हनं. काम न्हाय, धंदा न्हाय. निस्ता आराम."

साहेबांचा कप तसाच हातात राहिला. कुठं उभं आहे, कधीपासून, कंपनीचा माणूस शेवटचा कधी बोलला, असं त्यांनी दोन-चार शब्दांत विचारून घेतलं. मावशीनं काय ती मोघम उत्तरं दिली आणि पाटी उचलून ती गेली. ती गेल्यावर साहेब म्हणाले, "ताई, जहाज फुकट कुणी उभं करत नाही. मालक पळाला."

मग त्यांनी मला त्या जहाजाच्या तपासणीचं सांगितलं. त्यांचा एक शिरस्ता होता. जहाजावर गेले की एकेका खलाशाला वेगळं बोलवायचं, दार लावून घ्यायचं, आणि 'बरं आहे का' असं मोघम न विचारता काल किती वाजता निजलास, कोण उठवायला आलं, इथपासून सुरुवात करायची. विलासलाही तसंच आत घेतलं होतं. त्यानं गाव सांगितलं, पळसदेव. साहेब खुर्चीतून उठले आणि त्याला मिठीच मारली. परमुलुखात, समुद्रावर, आपल्या तालुक्याचा माणूस! मग काय, उजनीचं पाणी किती उतरलं, बुडालेलं देऊळ उघडं पडलं का, चिलापीला काय भाव, ह्या गप्पा. शेवटी उठता उठता विचारलं, "मग, सगळं बरं हाय ना?" विलास म्हणाला, "व्हय सायेब, झ्याक हाय. आईला सांगा, बरं हाय." बाकीच्या खलाशांना मराठी येत नव्हतं आणि त्यांची उत्तरं गुळमुळीत होती. साहेबांनी विलासच्या शब्दावर भरवसा ठेवला आणि सही केली.

"त्यानं मला तपासनीस म्हणून उत्तर दिलंच नाही, ताई," ते म्हणाले. "गावाकडं परत जाणाऱ्या माणसाच्या हाती आईला खुशाली धाडली त्यानं. आणि मी ती जहाजाची खुशाली म्हणून लिहून घेतली."

खरं सांगायचं तर आपण सगळे असंच करतो. परगावी असताना गावाकडून कुणी भेटायला आलं तर आपण त्याच्यापाशी रडगाणं गातो का? ते घरी पोचेल ना. पण साहेबांना ते समजावून उपयोग नव्हता.

त्यानंतर त्यांचा जीव टांगणीला लागला. ते रोज विलासला फोन करायचे. जहाज किनाऱ्यापासून फार लांब नव्हतं, संध्याकाळी जनरेटर लावला की फोन चार्ज व्हायचे, मग लागायचा. विलासचं ठरलेलं, झ्याक हाय सायेब, येतील पैसं, येईल डिझेल, आईला काय बोलू नगा. अडचण अशी होती की असं टाकून दिलेल्या खलाशांना घरी आणायची सोय नियमांत आहे. त्याचा विमाच मालकाला काढून ठेवावा लागतो. पण मागणी खलाशानंच करायला हवी, नाहीतर त्यानं तोंडानं नेमलेल्या माणसानं. साहेब इथं माझ्या खानावळीत डोकं आपटून घेतील, पण विलास 'टाकून दिलंय' म्हणत नाही तोवर कागद हलत नव्हता. जहाजावरचे बाकीचेही गप्प. ज्यानं तक्रार केली त्याला पुढं कुणी जहाजावर घेत नाही, असं त्यांच्या डोक्यात भरवून दिलेलं.

ह्याच दिवसांत बारामतीला एका संस्थेत साहेबांचं भाषण होतं. मर्चंट नेव्हीत जाऊ म्हणणारी मुलं, हॉल भरलेला. जेवणाचं कंत्राट माझं, म्हणून मी दाराशी उभी राहून ऐकत होते. साहेब स्टेजवर पिंजऱ्यात घातल्यासारखे इकडून तिकडं. मध्येच थांबून मुलांना विचारलं, जहाजावरून घरी फोन लावला, आई म्हणाली कसा आहेस, तर काय सांगाल? सगळा हॉल एका सुरात, बरं आहे! साहेब म्हणाले, प्यायला पाणी नसलं तरी? पुढच्या रांगेतला एक चुणचुणीत मुलगा उठला. म्हणाला, "सर, आईला सांगून पाणी मिळणार आहे का?"

पोरं हसली, टाळ्या पडल्या. साहेब जिथं होते तिथंच थांबले. मग स्टेजवरून उतरून हॉलच्या बाहेर चालते झाले. शाल-नारळ घेऊन उभे असलेले प्राचार्य बघत राहिले आणि ते सामान शेवटी माझ्या गळ्यात पडलं. मी चिडून गाडीपाशी आले तर साहेब गाडीला प्रदक्षिणा घालतायत.

"ताई, विलासला आईलाच सांगायला लावायचं. आपण म्हातारीला बाजूला ठेवून विचारतोय, म्हणून तो सुटतोय. तिच्यासमोर विचारायचं."

मी म्हटलं, ती मेली तर धसक्यानं? इतके दिवस तिला काही कळू दिलं नाही ते कशासाठी? बारामती ते इंदापूर आमचं भांडण चाललं होतं. आमचे हे गाडी चालवत होते, त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. इंदापूर आलं तेव्हा मी हरले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पळसदेवला गेलो. मावशी दारात जाळं सांधत बसली होती. साहेब तिच्यासमोर खाली मातीतच बसले. मी त्यांना जमिनीवर बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, मी ते जहाज नीट बघितलं नव्हतं. विलास माझ्याशी आणि तुमच्याशी खोटं बोलतोय. त्याचे हाल आहेत."

मावशीचे हात थांबले. मला वाटलं, आता ही टाहो फोडणार, नाहीतर साहेबांना शिव्याशाप देणार. ती एवढंच म्हणाली, "मंग आता बगा."

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला. फोन मी धरला होता, मावशी आणि साहेब शेजारी शेजारी. विलास दिसला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. आईला बघून हसला आणि काही बोलणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, बोलू नकोस, पाण्याचा नळ सोड. तो म्हणाला, नेटवर्क जातंय सायेब. साहेब म्हणाले, मी थांबतो. मग नाइलाजानं तो आत गेला. नळाला आधी नुसती हवा आली, मग तांबडं, गंजाचं पाणी. साहेबांनी फ्रीज उघडायला लावला. आत उजेड नाही, कोंब आलेले चार कांदे आणि एक पिशवी तांदूळ. झोपायची जागा विचारली तर म्हणाला, आत भट्टी हाय, डेकवर निजतो आमी.

फोन हातात फिरताना जेवणघराची भिंत दिसली. काचेच्या चौकटीत दाखला लावलेला होता आणि खाली सही. एवढ्या लांबून अक्षर वाचता येत नव्हतं, पण साहेबांनी आपली सही ओळखली. त्यांचा चेहरा बघवेना. मी फोन खाली घेणार होते, तर ते म्हणाले, धरा सरळ. आणि विलासला म्हणाले, त्याच्या शेजारी विम्याचा कागद आहे, त्यावर मदतीचा नंबर असतो, तो मोठ्यानं वाच.

विलासनं वाचला. साहेबांनी तो हातावरच लिहून घेतला. आता विलासनं बोलायचं होतं आणि ते आमच्यापैकी कुणाच्या हातात नव्हतं.

मावशी फोनच्या अगदी जवळ सरकली. "इलास, माज्यासाटी बरं हाय म्हनू नगं. मी मरत न्हाय ऐकून. काय हाय ते बोल."

विलासनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलताना दिसत होते. मग म्हणाला, "आई, आमाला टाकून गेल्यात गं. मला घरला यायचंय."

साहेबांनी विचारलं, तुझ्या वतीनं मी मागणी करू का? तो व्हय म्हणाला. मागून आणखी दोघं-तिघं पुढं आले, मोडक्या इंग्रजीत त्यांनीही आपापली नावं सांगितली. विलास बोलला म्हटल्यावर त्यांच्याही तोंडाची कुलपं निघाली.

तरी लगेच काही कुणी सुटलं नाही. आधी पाणी आणि धान्य पोचलं, मग डिझेल. जहाज अगदी रिकामं सोडून चालत नाही, त्यामुळं कोण आधी उतरणार, कोण मागं राहणार यावर तिकडच्या बंदराच्या अधिकाऱ्यांचा घोळ संपेना. साहेबांच्या मेलवर मेल, फोनवर फोन. माझ्या फरशीवर त्यांच्या फेऱ्यांची वाट पडायची बाकी होती. गिऱ्हाईक विचारायचं, ताई, ह्यांना काय झालंय? मावशी मासळी घेऊन यायची, पण आता ती काही विचारायची नाही. त्यांच्यापुढं ताट ठेवून ते जेवेपर्यंत तिथंच उभी राहायची. एकदा मी तिला म्हटलं, मावशी, तुला राग नाही का गं आला त्यांचा? ती म्हणाली, आला की. पर त्याच्या आदी माज्या इलासचाच येतू, आन त्याच्या आदी माजा. मीच कवा इच्यारलं पोराला, भात कसला खाल्लास म्हनून?

शेवटी विलास सुटला. मुंबईला विमान सकाळी येणार होतं. आमचे हे, मी आणि साहेब गाडी घेऊन गेलो. मावशी आली नाही. घर मोकळं कसं सोडू म्हणाली, पण मला वाटतं तिला त्याला विमानतळावर, चारचौघांत बघायचं नव्हतं. विलास बाहेर आला तो पिशवीत मावेल एवढं सामान घेऊन. साहेबांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याचे दोन्ही हात वरच्या वर धरले. दोघं मागं बसले, मी पुढं.

लोणावळ्याच्या आधीच विलासची मान कलली आणि डोकं साहेबांच्या खांद्यावर आलं. पुण्याच्या बाहेर यांनी चहाला गाडी घ्यायची म्हणून वेग कमी केला, तर मागून साहेबांनी नुसती मान हलवली, नको. भिगवण गेलं. मी मध्येच वळून बघत होते. ज्या माणसाला माझ्याकडं धड चहा संपेपर्यंत बसवत नव्हतं, तो मुंबईपासून जागचा न हलता तसाच होता. शर्टाचा खांदा पोराच्या लाळेनं ओला झाला होता. हाताला मुंग्या आल्या असतील, गुडघे तर आधीच गेलेले. एकदा मी खुणेनं विचारलं, उशी देऊ का? त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

पळसदेवला पोचलो तेव्हा भर दुपारचं ऊन होतं. गाडीचा आवाज ऐकून मावशी पदर सावरत धावत आली, मागून निम्मी आळी. साहेबांनी काचेमागून मोकळा हात वर केला. मावशी जागच्या जागी थांबली. मग पावलं न वाजवता काचेपाशी आली आणि आत बघितलं. दीड वर्षानं समोर दिसत होता तिला पोरगा, तोंड उघडं टाकून झोपलेला. तिचा हात दाराच्या कडीपाशी गेला होता, तो तिनं मागं घेतला.

आळीतल्या बायका काही बोलायला लागल्या तशी ती वळून दबक्या आवाजात म्हणाली, "निजू द्या त्याला."

आणि गाडीच्या सावलीत, चाकाला टेकून ती खाली बसली. यांनी एसीसाठी इंजिन चालूच ठेवलं. मला रडू आलं, ते मी काही लपवलं नाही. साहेबांना मी शेवटचं धड पाहिलं ते तेव्हा, कारण पुढच्याच आठवड्यात ते बंदरावरच्या कामाला निघून गेले. ताठ बसलेले, डोळे उघडे, समोर बघत. विलास आपणहून जागा होईपर्यंत आमच्यापैकी कुणी दार उघडलं नाही.